नाव काढलंत, मॅडम

आधी नाव लिहून घेते. सायसिंग खेमा वसावे, राहणार काठी गावाच्या वरचा एक पाडा, तालुका अक्कलकुवा. आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक. हे नाव काही वर्षांपूर्वी एका फ्लेक्सवर यायला हवं होतं. त्या फ्लेक्सचा मजकूर मी लिहिला होता आणि त्यात संस्थेच्या अध्यक्षांपासून चहापान समितीपर्यंत सगळ्यांची नावं होती, हे एक सोडून. म्हणून आता कोणी न विचारता पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकते. उशीर झाला आहे, ते मला कळतं.

आमचं कॉलेज शहाद्याच्या बाहेर, लोणखेड्याच्या अलीकडे-पलीकडे म्हणा. नेमकं सांगत नाही. कॉलेजची बदनामी करायला मी बसलेली नाही, माझी करायला बसले आहे. मी तिथे कॉम्प्युटर शिकवते. माझं माहेर तापीकाठचं, शेतीवाडीचं. डोंगरातली माणसं आमच्याकडे कापूस वेचायला यायची, ओट्याखाली बसून भाकरी खायची आणि होळीच्या आधी परत जायची. मला त्यांची ओळख एवढीच. त्यामुळे वसावे पहिल्यांदा लॅबच्या दारात उभे दिसले तेव्हा मी त्यांना पंखा पुसायला सांगितला. त्यांनी स्टूल आणलं, पंखा पुसला, स्टूल जागेवर नेऊन ठेवलं. मग माझ्या टेबलावरच्या, दोन दिवस बंद पडलेल्या कॉम्प्युटरकडे पाहत विचारलं, "उघडून पाहिला का, मॅडम?"

मी म्हटलं, नंदुरबारहून माणूस यायचा आहे, तो पाहील.

"मी आजच रुजू झालो आहे," ते म्हणाले. "ऑर्डर दाखवू का?"

ऑर्डर लॅब सहायकाची होती. कॉम्प्युटर अर्ध्या तासात सुरू झाला. आत पालीनं अंडी घातली होती. ती त्यांनी कागदावर घेऊन खिडकीबाहेर ठेवली, फेकली नाहीत. पंख्याबद्दल मी काहीच बोलले नाही आणि तेही कधी बोलले नाहीत.

"उघडून पाहिले का?" हा त्यांचा एकच प्रश्न आणि तो ते सगळ्याला लावायचे. कुलरची मोटर असो, झेरॉक्सचं मशीन असो, प्राचार्यांच्या केबिनमधला करकरणारा सोफा असो. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आठवडाभर वर्गात गप्प बसून होती. लक्ष नाही म्हणून मी तिला दोनदा बोलले. वसावे मला म्हणाले, "मॅडम, उघडून पाहिले का?" मी नाक मुरडलं, ही काय कॉम्प्युटर आहे? त्यांनी व्हरांड्यात तिला तिच्या बोलीत विचारलं. होस्टेलच्या यादीतून तिचं नाव गळलं होतं आणि ती रोज पहाटे घरून निघून दोन गाड्या बदलून येत होती. वसावे त्याच दिवशी होस्टेलच्या क्लार्कपुढे जाऊन उभे राहिले. भांडले नाहीत, नुसते उभे राहिले. नाव लागेपर्यंत ते तिथून हलले नाहीत असं क्लार्कनंच नंतर वैतागून सांगितलं.

बुटके, काटक, भांग पाडून बसवलेले केस. शर्टाच्या खिशात पेन नसायचं. एक टेस्टर आणि एक काळा मार्कर असायचा. ते कॉम्प्युटर कुठे शिकले, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. आश्रमशाळा, मग आयटीआय, मग काही वर्षं ऊसतोडीला गुजरात, एवढं कानावर आलेलं. सात वर्षं एका खोलीत काम केलं आणि मी विचारलं नाही.

त्यांची मराठी ऐकून नवीन माणूस चमकायचा. आम्ही सपाटीवरची माणसं घरी अहिराणी बोलणारी. स्टाफरूममध्येसुद्धा "काय करी ऱ्हायना सर" असंच चालायचं. वसाव्यांच्या घरी भिली; मराठी त्यांना शाळेच्या पुस्तकातून मिळालेली, आणि पुस्तकातून मिळाली तशीच त्यांनी ती जपून ठेवलेली. "मला पाणी प्यायचे आहे," असं म्हणायचे. "कृपया दार लावून घ्या," असं म्हणायचे. सगळ्या कॉलेजात शुद्ध मराठी बोलणारा तो एकच माणूस. तरी स्टाफरूममध्ये चहा आला की आम्हाला कप आणि त्यांना कागदी ग्लास. कोणी ठरवलं होतं असं नाही. मी रोज बघत होते आणि रोज कानाडोळा करत होते.

आता मार्करचं सांगते. लॅबमधलं कुठलंही मशीन दुरुस्त झालं की वसावे त्याच्या पाठीवर लिहायचे: काय केलं आणि कोणी केलं. "रॅम बदलली, सुनीता, एस. वाय." "पंखा साफ केला, दिलवर." स्वतः चुटकीसरशी करतील ते कामसुद्धा ते मुलांकडून करवून घ्यायचे आणि नाव मुलाचं टाकायचे. एक स्क्रू आवळला तरी नाव. मुलं सुट्टीत घरच्यांना कॉलेज दाखवायला आणायची तेव्हा आधी लॅबमध्ये येऊन मशीन उलटं फिरवायची आणि आपलं नाव दाखवायची.

एका वर्षी तपासणी समिती यायची होती. प्राचार्य लॅबमध्ये आले, मशीनच्या पाठी पाहिल्या आणि मला म्हणाले, "हे भिंतीवर लिहिल्यासारखं काय लिहून ठेवलंय? स्पिरिटनं पुसून घ्या." मी वसाव्यांना सांगितलं. वसाव्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा नकार दिला.

"नाव काढायचे नाही, मॅडम."

"अहो, समिती येतेय."

"मी मशीनची पाठ भिंतीकडे करतो. पण नाव काढायचे नाही. ज्याने काम केले त्याचे ते आहे."

मशीनं भिंतीला पाठ लावून बसली, समिती चहा पिऊन गेली आणि नावं राहिली.

त्या मशीनांमध्ये आम्ही तेव्हा चोरीची सिस्टीम वापरत होतो, यात लपवण्यासारखं काही नाही, सगळीकडे तेच होतं. कोणाकडून तरी आणलेली सीडी, तिच्याबरोबर आलेले व्हायरस, आणि दर पंधरा दिवसांनी काळा पडणारा पडदा. एका दिवाळीच्या सुट्टीत वसाव्यांनी वीसच्या वीस मशीनांवर लिनक्स ही दुसरी, मुक्त सिस्टीम टाकली. पुण्याला शिकायला गेलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं त्यांना डीव्हीडी दिली होती. सुट्टीनंतर मी आले तर भंगारात काढायची म्हणून ठेवलेली तीन मशीनंही सुरू झालेली. शिकवणारी मी, पदवी माझी, पण मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय हे मला नीट कळलं ते वसाव्यांकडून. पुस्तकात मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्यांनी सांगितलं ते असं: "हे कोणीही घ्यावे. उघडून पाहावे. बदलावे. दुसऱ्याला द्यावे. कोणी हिशोब मागत नाही. अट एकच आहे, मॅडम. ज्याने केले आहे त्याचे नाव काढायचे नाही."

मी हसून म्हटलं, "म्हणजे तुमचा मार्कर."

ते एकदम खूश झाले. "हो," म्हणाले. "त्यांनी पण तेच केले आहे."

मेळाव्याची कल्पना त्यांचीच. डोंगरातल्या आश्रमशाळांत सरकारी कॉम्प्युटर धूळ खात पडलेले, शिकवणारं कोणी नाही, आणि पडद्यावरचं सगळं इंग्रजीत. वसाव्यांच्या डोक्यात होतं की एक दिवस कॉलेजात ठेवू, ज्याला पाहिजे त्यानं आपलं मशीन घेऊन यावं, मुलं त्यावर सिस्टीम टाकून देतील. आणि पडद्यावरचे शब्द, उघडा, जपून ठेवा, पुसा, बंद करा, हे हळूहळू भिलीत आणू. त्याची त्यांची एक वही होती. बरेच शब्द अडलेले होते. ते शब्द मी इथे लिहीत नाही. माझ्या हातून पुन्हा काही चुकीचं छापलं जायला नको.

मी ती कल्पना प्राचार्यांकडे नेली. प्राचार्यांना ती फारच आवडली, म्हणजे त्यांनी तिचा लगेच मेळावा केला. मंडप, अध्यक्ष, विद्यापीठातून पाहुणे, सात समित्या. वसाव्यांना केबिनमध्ये बोलावून ते म्हणाले, "हे नीट पार पाडा. तुमच्या कायमच्या नेमणुकीचा प्रस्ताव अध्यक्षसाहेबांच्या टेबलावर ठेवतो." वसाव्यांची ऑर्डर दर वेळी अकरा महिन्यांची असायची. मे महिन्यात ते डोंगरात परत जायचे आणि जूनमध्ये प्राचार्यांच्या दारापुढे उभे राहायचे, पुढची ऑर्डर निघेपर्यंत. सात वर्षं हे चाललं होतं. केबिनमधून ते बाहेर आले तेव्हा मी व्हरांड्यातच होते. त्यांनी खिशातला टेस्टर काढून पाहिला आणि परत ठेवला. आनंद झाला की ते असं काहीतरी करायचे.

मग फ्लेक्स. वसाव्यांनी कागदावर लिहून आणलं होतं: "मुक्त सॉफ्टवेअर दिवस." मी म्हटलं, मुक्त म्हटलं की लोकांना मुक्त विद्यापीठ आठवतं, त्यांना वाटेल बाहेरून परीक्षेचे फॉर्म आहेत. "मोफत" लिहू या, सरळ कळतं.

"मोफत लिहू नका, मॅडम," ते म्हणाले. "आमच्याकडे मोफत वाचले की लोक कागद घेऊन येतात."

"कसले कागद?"

"आधार. रेशनकार्ड. फोटो."

मी हसले. मी म्हटलं, तुम्ही फार विचार करता. आणि त्यांच्यासमोरच फ्लेक्सवाल्या गुलाबभाऊंना मोबाईलवर मजकूर पाठवला: "मोफत सॉफ्टवेअर मेळावा. सर्वांसाठी खुला." खाली नावांची रांग. शेवटी जरा मोठ्या अक्षरात संयोजक म्हणून माझं. दुसऱ्या दिवशी वसावे मोटारसायकलवरून जाऊन फ्लेक्स घेऊन आले आणि फाटकावर बांधला. मुलांनी त्याचा फोटो काढून गावोगावच्या ग्रुपवर टाकला. फिरता फिरता त्या फोटोच्या कडा कापल्या गेल्या आणि शेवटी डोंगरात पोचलं ते एवढंच: "मोफत", "मेळावा", आणि बाजूला कॉम्प्युटरचं चित्र.

मेळाव्याच्या सकाळी मी कॉलेजच्या फाटकाशी उतरले तर समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग लागलेली. आत मैदानात जीपगाड्या उभ्या. खापरच्या बाजूची, मोलगीच्या बाजूची माणसं, बाया, कडेवर पोरं. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. एका म्हातारीनं माझा हात धरला आणि पिशवी पुढे केली. आधारची झेरॉक्स, रेशनकार्ड, जातीचा दाखला, दोन फोटो, सगळं टाचणी लावून तयार. "बाई, फारम कुठे?" तिनं विचारलं.

दिवसाची मजुरी बुडवून, जीपमध्ये कोंबून घेऊन ही माणसं कॉम्प्युटर न्यायला आली होती. मंडपात अध्यक्ष यायची वेळ झालेली. मी काय करावं? मी म्हातारीला म्हटलं, "तिकडे विचारा," आणि लॅबच्या दिशेनं बोट दाखवलं.

वसावे लॅबमधून बाहेर आले, मैदानाकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांनी सगळ्यांना कडुलिंबाखाली बसवलं आणि स्वतः त्यांच्यासमोर उकिडवे बसले. मग बोलायला लागले. मी लांब उभी होते, एक अक्षर कळत नव्हतं. आधी माणसांमध्ये गलका झाला. दोन-तीन तरुण उठून उभे राहिले, रागानं काही बोलले. वसाव्यांनी त्यांना बोलू दिलं. मग त्यांनी हात हलवत काहीतरी लांबलचक सांगितलं, त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. लाहा. मी ऐकला तसा लिहिते. हळूहळू माणसं खाली बसली. कोणीतरी हसलं. त्या म्हातारीनं काहीतरी विचारलं आणि सगळेच हसले, वसावेसुद्धा.

ते काय बोलले, हे लॅबमधल्या सुनीतानं, तिची बोलीही तीच, मला नंतर सांगितलं. ते म्हणाले, कॉम्प्युटर मिळणार नाहीत, आमच्या हातून चुकीचं लिहिलं गेलं. मग म्हणाले, लाहा तुम्हाला माहीत आहे. कोणाचं घर उभारायचं असलं, निंदणी मागे पडली असली की अख्खा पाडा जातो. मजुरी कोणी घेत नाही, घरधनी जेवण घालतो, उद्या तो आपल्याकडे येतो. तिथे आधारकार्ड कोणी मागत नाही. या मशीनच्या आत जे आहे ते जगभरच्या माणसांनी अशीच लाहा करून बांधलं आहे. त्यावर म्हातारीनं विचारलं होतं, "मग त्यांनी आपलं काम केलं, तर आपली जायची पाळी कधी?"

वसावे म्हणाले, आज.

त्यांनी लॅबमधली दोन मशीनं वायर ओढून झाडाखाली आणली, वही काढली आणि अडलेला एकेक शब्द विचारायला सुरुवात केली. जपून ठेवणं याला तुम्ही काय म्हणता, दाणे जपून ठेवता तेव्हा? चुकलेलं पुसणं याला काय? माणसांमध्ये वाद सुरू झाले, या पाड्याचा शब्द की त्या पाड्याचा. ज्याचा शब्द ठरेल त्याचं नाव वसावे समोर लिहीत होते. मंडपात आमचं दीपप्रज्वलन चाललं होतं, स्वागतगीत चाललं होतं, आणि विद्यापीठातून आलेले पाहुणे मान वळवून वळवून झाडाकडे पाहत होते. शेवटी ते खुर्ची सोडून तिकडेच गेले. आमच्या जेवणाच्या पंगतीत ती सगळी माणसं बसली. लाहाचं जेवण म्हणून वसाव्यांनीच बसवली.

मेळावा वाचला, खरं म्हणजे मेळावा तिथेच झाला. पण फाटकात अध्यक्षांची गाडी जीपच्या गर्दीत अडकली होती आणि दोघांनी काचेवर टकटक करून त्यांच्याकडे फॉर्म मागितला होता. दुपारी केबिनमध्ये आम्ही सगळे उभे. अध्यक्ष एरवी मराठीत बोलायचे. अहिराणीवर आले की समजायचं, राग खरा आहे.

"हाई 'मोफत' कोनी लिखं?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "फ्लेक्सचं काम वसाव्यांकडे होतं, साहेब."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी ते पुढे किती वेळा तपासून पाहिलं आहे. फ्लेक्स आणायचं काम त्यांच्याकडेच होतं.

वसावे दारात होते, हातात वायरची गुंडाळी. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते मला न पाहताच कळलं. मग त्यांचा आवाज आला, पुस्तकातल्या मराठीत.

"हो, साहेब. फ्लेक्स मीच आणला आहे."

हेही खरंच होतं. दोन खऱ्या वाक्यांनी मिळून एक खोटं उभं केलं आणि त्यातलं माझं वाक्य आधीचं होतं.

"फेकी द्या तो फ्लेक्स," अध्यक्ष म्हणाले.

"मी नेऊ का?" वसाव्यांनी विचारलं. "छपरावर टाकायला उपयोगी पडेल."

हा मार्च महिना होता. ऑर्डर जूनमध्ये निघायची. म्हणजे माझ्या हातात तीन महिने होते. चार दिवसांनी बसस्टँडवर गुलाबभाऊ भेटले. भला माणूस. म्हणाले, "मॅडम, वसावेभाऊवर आळ ऊना, आइकं मी. तुम्हीन धाडेल शब्दच मी छापेल शे. मन्हा मोबाईलमा मेसेज शे अजून. दखाडू का प्राचार्यसाहेबले?"

त्यांना वाटत होतं, ते मला मदत करताहेत. मी वसाव्यांना सोडवायला पुरावा शोधत असेन, असं त्यांनी धरून चाललं होतं. मी म्हटलं, "राहू द्या, भाऊ. मिटलंय ते."

"मिटनं? मंग बरं," असं म्हणून ते गेले. मी घरी आले आणि माझ्या मोबाईलमधला तो मेसेज पुसला.

आणखी एक सांगायचं आहे, तेही सांगून टाकते. मेळाव्याचा अहवाल मी लिहिला. त्यात लाहा लिहिली, झाड लिहिलं, म्हातारीचा प्रश्न लिहिला. पाहुण्यांना तो इतका आवडला की विद्यापीठाच्या चर्चासत्रात मला निबंध वाचायला बोलावलं. मी वाचला. डोंगरातली लाहा आणि मुक्त सॉफ्टवेअर यांचं नातं कसं आहे, हे मी तिथे वीस मिनिटं सांगितलं. टाळ्या पडल्या. "एका स्थानिक सहकाऱ्याच्या मदतीने" असे चार शब्द निबंधाच्या तळटीपेत होते. ते मी वाचताना गाळले, वेळ कमी होता म्हणून. परत आल्यावर प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये पुष्पगुच्छ दिला आणि म्हणाले, "नाव काढलंत, मॅडम, कॉलेजचं."

मराठीत नाव काढणं म्हणजे कीर्ती मिळवणं. स्टाफरूममध्ये तो अर्थ सगळ्यांना माहीत होता. दुसरा अर्थ फक्त आमच्या लॅबमध्ये चालायचा, आणि वसावे दाराशी उभे होते, कागदी ग्लास हातात धरून. मला वाटलं, आता ते हसतील किंवा निघून जातील. त्यांनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला, पण ग्लासमुळे वाजवता आल्या नाहीत.

जूनमध्ये ऑर्डर निघाली नाही. कायमचा प्रस्ताव टेबलावरून उचलला गेला होताच. वर निष्काळजीपणाचा शेरा आला आणि अकरा महिनेही गेले. वसावे किल्ल्या द्यायला आले. किल्ल्यांबरोबर एक वही होती, तिच्यात वीस मशीनांची वीस पानं, कोणाला काय दुखतं ते लिहिलेलं.

"सात नंबर तापतो," ते म्हणाले. "मध्ये मध्ये उघडून पाहा, मॅडम."

मी म्हटलं, "वसावे, मी..."

ते थांबले. घाई न करता, मशीन सुरू व्हायची वाट पाहावी तसे थांबले. मी म्हटलं, "मी बोलते साहेबांशी."

"बरं, मॅडम," ते म्हणाले आणि चपला घालून गेले. मी साहेबांशी बोलले नाही.

दोन वर्षांनी एका योजनेत नवीन मशीनं आली, चारी बाजूंनी सीलबंद. उघडली तर वॉरंटी जाते. जुनी भंगारवाल्यानं टेम्पोत भरली. टेम्पो फाटकातून बाहेर पडताना मी व्हरांड्यात उभी होते. सगळ्या पाठी माझ्याकडे होत्या. नावं वाचता येत होती.

वसाव्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, खापरच्या बाजारात. होळी चार दिवसांवर आलेली, डोंगरातून माणसं खरेदीला उतरलेली. मी कॉलेजच्या प्रवेशाच्या प्रचाराला त्या बाजूच्या शाळांमध्ये गेले होते. परतताना माझा फोन बंद पडला. ड्रायव्हर म्हणाला, "आठे एक वसावेभाऊ बठस, मॅडम. तो करी देस." मला तेव्हाच नको म्हणता आलं असतं. पण मी गेले. त्यांना सगळं सांगून टाकायचं, असं मी त्या पन्नास पावलांत ठरवलं होतं.

बाजाराच्या टोकाला चार बांबूंवर एक फ्लेक्स ताणून बांधला होता आणि त्याच्या सावलीत वसावे बसले होते, पुढ्यात उघडलेले मोबाईल. केस पांढरे झालेले, भांग तसाच. मला पाहिल्यावर ते उठून उभे राहिले, फडक्यानं स्टूल पुसलं. "बसा, मॅडम. ऊन फार आहे." मी सावलीत बसले. फोन दिला. त्यांनी तो लगेच उघडला.

"सात नंबर चालतो का?" त्यांनी विचारलं.

"चालतो," मी म्हटलं. टेम्पोचं सांगितलं नाही.

"नक्कीच चालणार. त्याला फक्त हवा पाहिजे होती."

मग ते आपणहून सांगायला लागले. शब्दांची वही पूर्ण झाली होती. पडद्यावरचे सगळे शब्द आता भिलीत होते, तीन आश्रमशाळांमध्ये मुलं ते वापरत होती. झाडाखाली त्या दिवशी ज्यांनी शब्द दिले त्या सगळ्यांची नावं त्यांनी आत टाकली होती. "ती म्हातारी वारली, मॅडम. फॉर्म मागणारी. पण तिचे नाव आहे. उघडले की दिसते."

मी बोलायचं म्हणून वर पाहिलं आणि बोलायचं राहून गेलं. फ्लेक्स तोच होता. ऊन लागून लागून रंग उडाला होता, अक्षरं मात्र शाबूत होती. "मोफत" या शब्दावर काळ्या मार्करनं एक रेघ आणि वर नीट, शाळेतल्या अक्षरात, "मुक्त". बाकी कशालाही त्यांनी हात लावला नव्हता. अध्यक्ष, प्राचार्य, पाहुणे, सात समित्या. खाली, बरोबर माझ्या डोक्यावर, मोठ्या अक्षरात मी.

"माझं नाव अजून ठेवलंत," मी म्हटलं.

फोनमधून मान वर न काढता वसावे म्हणाले, "नाव काढायचे नाही, मॅडम. मेळावा तुम्ही केला होता."

त्यांनी फोन बंद करून, पुसून माझ्या हातात दिला. चालू झाला होता. मी आणखी एकदा वर पाहिलं. खालच्या कोपऱ्यात, माझ्या नावाच्या पुढे, एक ओळ मावेल एवढी जागा कोरी होती. ती मजकूर लिहिला तेव्हापासून होती. मार्कर त्यांच्या खिशातच होता. मला तो मागता आला असता. मी "येते, वसावे" म्हटलं आणि गाडीत जाऊन बसले.